लिमिट लावलं की सर्व्हर अडखळतो, काढलं की पळतो: सीग्रूपचा खर्च मोजताना दर वेळी वेगळा आकडा का येतो

तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. सर्व्हिसला सीपीयूचं आणि मेमरीचं लिमिट लावलं, डॅशबोर्डवर सीपीयू निम्म्याच्याही खाली, मेमरी पण लिमिटच्या आत, आणि तरी मधूनच रिक्वेस्ट अडकतात, पी-९९ (ज्या वेळेत शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट पूर्ण होतात तो आकडा) एकदम उडी मारतो. लिमिट काढलं की सगळं सुरळीत. मग कोणीतरी म्हणतं सीग्रूप (प्रोसेसचे गट करून त्यांना अशी लिमिट लावायची लिनक्सची सोय) जड आहे, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, आहे, दुसरा बेंचमार्क चालवून दाखवतो की फरक जेमतेम दिसण्याइतका, तिसऱ्याच्या मशीनवर तोच बेंचमार्क भलताच आकडा देतो, वादावादी होते, शेवटी मशीन रीबूट करतात, प्रॉब्लेम जातो, तिकीट बंद. काही आठवड्यांनी तेच तिकीट परत उघडतं.

हा वाद मिटत नाही याचं कारण सरळ आहे, ओव्हरहेड म्हणून तीन वेगळे खर्च एकत्र धरले जातात. पहिला हिशोबाचा: कुठलं पान (मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा), कुठला टास्क कोणत्या ग्रूपच्या खात्यावर ते कर्नल लिहून ठेवतो, लिमिट लागो न लागो हा खर्च कायम चालू. दुसरा अडवणुकीचा: लिमिटजवळ गेल्यावरच लागतो, पण लागतो तेव्हा जबर लागतो. तिसरा मागे उरलेल्या ग्रूपांचा: कंटेनर (स्वतःच्या ग्रूपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) गेला, त्याच्या ग्रूपची डिरेक्टरी गेली, पण कर्नलच्या आत त्याचं खातं बंदच झालेलं नाही. बेंचमार्क मोजतो पहिला, तक्रार असते दुसऱ्याची, आणि रीबूटने जातो तो तिसरा. म्हणून तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि काम काही होत नाही.

(फाइलींची नावं खाली देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायची.)

आधी व्हर्जन बघून घ्या

सीग्रूप व्ही-वन की व्ही-टू हे न बघता मोजायला बसू नका, फाइलींची नावंच वेगळी आहेत आणि वागणंही. /सिस/एफएस/सीग्रूप या डिरेक्टरीत सीग्रूप.कंट्रोलर्स नावाची फाइल दिसली तर व्ही-टू, मेमरी, सीपीयू असे वेगवेगळे फोल्डर दिसले तर व्ही-वन. व्ही-टू अधिकृतपणे ४.५ कर्नलमध्ये आला, २०१६ साली, पण डिस्ट्रो (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बनवणारे) हळूहळू वळले, फेडोरा ३१ पासून, डेबियन ११ पासून, उबुंटू २१.१० पासून, रेड हॅट ९ पासून तो डिफॉल्ट आहे. जुन्या सर्व्हरवर अजून व्ही-वन सर्रास सापडतो. कर्नलचा नंबरही लिहून घ्या, पण नुसत्या नंबरावर विसंबू नका, डिस्ट्रोवाले मागच्या कर्नलमध्ये नवे पॅच बेमालूम घुसवतात, त्यामुळे बाहेरून ४.१८ दिसणाऱ्या कर्नलच्या आत काय काय असेल ते चेंजलॉग वाचल्याशिवाय कळत नाही.

सीपीयू: सरासरी बघून काहीच कळत नाही

तक्रार लेटन्सीची, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळेची, असेल तर मी सगळ्यात आधी इथं बघतो.

सीपीयूचं लिमिट म्हणजे दर पीरियडला मिळणारा कोटा. पीरियड डिफॉल्ट १०० मिलिसेकंद. दोन सीपीयूचं लिमिट म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना २०० मिलिसेकंदांचा सीपीयू वेळ. आता सर्व्हिसमध्ये आठ थ्रेड एकदम जागे झाले आणि मशीनवर आठ कोर मोकळे असले तर आठही समांतर पळतात आणि तो २०० मिलिसेकंदांचा कोटा २५ मिलिसेकंदांत संपवून मोकळे होतात, उरलेले ७५ मिलिसेकंद सगळेच्या सगळे थांबलेले. एक तारखेला पगार, घरात खर्च करणारे आठ, आठवड्यात पाकीट रिकामं, पण महिन्याचा एकूण खर्च बघितला तर बजेटच्या आतच! डॅशबोर्ड मिनिटाची सरासरी दाखवतो, त्यात हे ७५ मिलिसेकंद कुठंच दिसत नाहीत, युजरला मात्र दिसतात.

म्हणून सीपीयूचा टक्का सोडा, सीपीयू.स्टॅट ही फाइल वाचा. त्यात एनआर_पीरियड्स (किती पीरियड झाले), एनआर_थ्रॉटल्ड (त्यातल्या कितींत कोटा संपून थांबवलं, म्हणजे थ्रॉटल केलं) आणि थ्रॉटल्ड_युसेक (किती वेळ थांबवलं) असतात (व्ही-वनमध्ये थ्रॉटल्ड_टाइम, नॅनोसेकंदांत). एकदा वाचायचं, तक्रारीच्या वेळेत थोड्या वेळाने परत वाचायचं, दोन्हीतला फरक काढायचा, आणि थ्रॉटल्ड भागिले पीरियड्स बघायचं. सुरुवातीपासूनचा एकूण आकडा बघून उपयोग नाही, तो गेल्या महिन्यातल्या डिप्लॉयमेंटचंही पाप पोटात घेऊन बसलेला असतो. थ्रॉटल्ड_युसेक बघून घाबरू नका, तो प्रत्येक सीपीयूवरच्या थांबलेल्या वेळेची बेरीज असतो, त्यामुळे एका मिनिटात दोन-तीन मिनिटं थ्रॉटल झाल्याचं दिसू शकतं, ते गणित चुकलेलं नाहीये.

यातही एक जुनं दुखणं होतं जे आज पण मधूनच जुन्या मशीनवर भेटतं. कोटा एका सामाईक डब्यात असतो आणि प्रत्येक सीपीयू त्यातून ५ मिलिसेकंदांचा तुकडा उचलतो. काम लवकर संपलं तर उरलेलं परत देतो, पण १ मिलिसेकंद स्वतःकडे ठेवतो. ४.१८ मध्ये घड्याळासंबंधीची एक दुरुस्ती झाली आणि त्यानंतर हा राखून ठेवलेला १ मिलिसेकंद पीरियड संपला की खरोखरच वाया जायला लागला. ६४ सीपीयूच्या मशीनवर, जिथं थ्रेड सगळीकडे थोडं थोडं काम करतात, तिथं एका पीरियडमध्ये ६४ मिलिसेकंदांपर्यंत कोटा असा कोपऱ्याकोपऱ्यात पडून वाया. कोटा वापरलेलाच नाही आणि तरी थ्रॉटल. इंडीड कंपनीतल्या डेव्ह चिलुक यांनी हे शोधून पॅच दिला, तो ५.४ मध्ये आला आणि तुकड्यांची मुदतच काढून टाकली. ती ४.१८ ची दुरुस्ती बऱ्याच स्टेबल कर्नलमध्ये मागे नेलेली होती, त्यामुळे वापर कमी पण थ्रॉटल जास्त असं चित्र दिसलं आणि कर्नल ५.४ च्या आधीचा असला तर कॉन्फिग घोळत बसण्याआधी ते बघा.

कर्नल नवा असेल तर मात्र दोष बहुतेक वेळा थ्रेडच्या संख्येचा निघतो. प्रोग्रॅम मशीनचे सगळे कोर मोजतो आणि तेवढे थ्रेड उघडतो, त्याला लिमिट माहीतच नसतं. जावा १० पासून कंटेनरचं लिमिट बघते (आणि ८ च्या १९१ अपडेटपासून), गो भाषेच्या रनटाइमला हे थेट १.२५ मध्ये, २०२५ साली आलं, त्याआधीचं गो असेल तर गोमॅक्सप्रॉक्स (एका वेळी किती थ्रेड पळतील तो आकडा) हाताने सेट करा. हे एवढं केलं तरी कित्येक तिकिटं बंद होतात. नाहीच झालं तर ५.१४ पासून सीपीयू.मॅक्स.बर्स्ट आहे, मागच्या पीरियडमधला न वापरलेला कोटा पुढे साठवता येतो, आणि सर्व्हिस अशी झटक्याझटक्याने काम करणारी असेल तर तो खरंच कामाचा आहे. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर स्वतःच्याच मशीनवर स्वतःच्याच सर्व्हिस असतील तर कोटा लावूच नका, सीपीयू.वेट वापरा, गर्दी झाली तरच वाटणी होते, मोकळं असताना कोणी कोणाला अडवत नाही.

काही जण पीरियडच छोटा करतात, १०० चा १० किंवा ५ मिलिसेकंद. थांबणं छोटं होतं हे खरं, पण टायमर तेवढ्या पटीत जास्त वेळा वाजतो आणि खाली शेकडो ग्रूप असतील तर टायमरचं कामच पीरियडच्या आत आटपत नाही. यातून हार्ड लॉकअप होऊन मशीन गोठल्याचे प्रकार झालेत, म्हणून २०१९ मध्ये कर्नलमध्ये असा बंदोबस्त केला की पीरियड फार छोटा वाटला तर कर्नल कोटा आणि पीरियड दोन्ही त्याच प्रमाणात आपणहून वाढवतो आणि डी-मेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) पीरियड टू शॉर्ट असं लिहून जातो. ती ओळ दिसली तर तुम्ही सेट केलेला आकडा आता लागू नाहीये हे समजून घ्या आणि मगच मोजमाप करा.

मेमरी: आकडा दर वेळी का बदलतो

थोडा इतिहास, कारण त्याने आजचं वागणं कळतं. सीग्रूपची सुरुवात गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांच्या २००६ च्या कामातून झाली, तेव्हा नाव होतं प्रोसेस कंटेनर्स, २.६.२४ मध्ये म्हणजे जानेवारी २००८ मध्ये ते कर्नलमध्ये आलं. मेमरी कंट्रोलर (ग्रूपची मेमरी मोजणारा भाग) पाठोपाठ २.६.२५ मध्ये, त्यात आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव यांचं काम मुख्य. त्या काळी प्रत्येक पानासाठी पेज_सीग्रूप म्हणून वेगळी नोंद ठेवायचे आणि काउंटरवर स्पिनलॉक होता, बूट होताना कर्नल स्वतःच सांगायचा की इतके बाइट गेले, नको असेल तर सीग्रूप_डिसेबल=मेमरी लावून बघा. ३.१९ मध्ये योहानेस वाइनर यांनी ती वेगळी नोंद काढून थेट पानाच्या स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर ठेवला आणि काउंटर लॉकशिवायचा केला. मेमरी कंट्रोलर महाग ही जी ऐकीव गोष्ट फिरते ती बरीचशी त्या जुन्या काळातली आहे.

आज हिशोब होतो कधी? पान पहिल्यांदा घेताना आणि सोडताना. मधे ते पान तुम्ही लाख वेळा वाचा-लिहा, एक पैसा पडत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच मेमरी घेऊन नुसती आकडेमोड करणारा बेंचमार्क शून्य ओव्हरहेड दाखवणार आणि सतत पेज फॉल्ट करणारा (म्हणजे नवी पानं मागणारा), सतत फोर्क करणारा बेंचमार्क डोळ्यात भरेल असा फरक दाखवणार. विल-इट-स्केल या बेंचमार्कमधले पेज_फॉल्ट वाले टेस्ट मुद्दाम हेच ताणतात. दोन्ही आकडे खरे, तुमचं काम कुठल्यासारखं आहे ते महत्त्वाचं.

शिवाय प्रत्येक सीपीयूवर कर्नल थोडा साठा आधीच उचलून ठेवतो, पूर्वी ३२ पानांचा, आता ६४ पानांचा, म्हणजे दर पानाला वरच्या काउंटरला हात लावायला नको. हा साठा बराच काळ एका सीपीयूवर एकाच ग्रूपचा असायचा (अगदी अलीकडच्या कर्नलमध्ये एकाहून जास्त ग्रूपांचा ठेवतात). म्हणजे काय होतं बघा, बेंचमार्क एकटा चालवला की साठा छान कामाला येतो, आणि प्रोडक्शनमध्ये त्याच सीपीयूवर दहा कंटेनरचे टास्क आलटून पालटून येतात तेव्हा दर वेळी एकाचा साठा परत करा दुसऱ्याचा भरा असं चालू राहतं. एकट्या ग्रूपवर मोजलेला ओव्हरहेड म्हणून प्रोडक्शनला लागू पडत नाही, मोजताना शेजारी दुसऱ्या ग्रूपांची गर्दी करूनच मोजा. आणि साठा संपला की काउंटर वाढवताना वरच्या प्रत्येक पायरीचा काउंटर वाढवावा लागतो (ग्रूप झाडासारखे एकात एक बसवलेले असतात), झाड जितकं खोल तितके अॅटॉमिक ऑपरेशन जास्त. शेड्यूलरचंही तसंच, टास्क जागा झाला की प्रत्येक पायरीवर नोंद. ते बघायचं असेल तर परफ बेंच शेड पाइप आधी वरच्या पायरीवर आणि मग पाच-सहा पायऱ्या खाली चालवून बघा, फरक लगेच समोर येतो.

आता तो आकडा बदलण्याचा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त डोकी फुटतात. पान ज्याने पहिल्यांदा हाताळलं त्याच्या खात्यावर पडतं. तुम्ही एसएसएच करून आलात, टेस्टची फाइल कॉपी केली, ती पेज कॅशेमध्ये (वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींची मेमरीतली प्रत) बसली, खातं कोणाचं? तुमच्या लॉगिन सेशनचं. मग नवीन ग्रूप बनवून त्यात टेस्ट चालवली, टेस्टने तीच फाइल वाचली, पानं आधीच मेमरीत आहेत, नव्या ग्रूपला चार्जच लागला नाही. ओव्हरहेड नाही असं वाटलं. मशीन रीबूट करून थेट टेस्ट चालवली, सगळी पानं ग्रूपच्या खात्यावर, लिमिट पण लागलं, आकडा पार वेगळा. आणखी गंमत म्हणजे टेस्ट झाल्यावर ग्रूप डिलीट केला तरी ती पानं कॅशेमध्ये त्या मेलेल्या ग्रूपच्या नावावर तशीच राहतात, पुढच्या रनला नवा ग्रूप ती फुकटात वापरतो. म्हणजे एकाच स्क्रिप्टचा पहिला रन आणि दुसरा रन मुळात दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत. उपाय सोपा आहे: दर रनच्या आधी ड्रॉप_कॅशेस करा (कर्नलला कॅशे रिकामी करायला सांगा), किंवा दर रनला वेगळी फाइल वापरा, किंवा फाइल ग्रूपच्या आत शिरूनच तयार करा. कुठलंही एक, पण सगळ्या रनना तेच.

तुलना कशाशी करायची हेही बघा. बेसलाइन म्हणून सीग्रूप_डिसेबल=मेमरी लावून बूट केलेला तोच कर्नल घ्या, वेगळा कंपाइल केलेला नको, कोडची मांडणी बदलली तरी दोन-चार टक्के इकडचे तिकडे होतात. मग कंट्रोलर चालू, लिमिट मॅक्स. मग तेच खोल पायरीवर. मग लिमिट प्रत्यक्ष वापराच्या जवळ आणून. साध्या लॉगिन शेलमधून चालवलेला टेस्ट म्हणजे सीग्रूप नसलेला टेस्ट असं समजू नका, सिस्टमडी २३८ पासून मेमरीचा हिशोब डिफॉल्ट चालू आहे आणि तुमचं शेल स्वतःच युजर स्लाइसच्या खाली तीन-चार पायऱ्या आत बसलेलं असतं. रन एकाआड एक घ्या, आधी सगळे बेसलाइनचे आणि नंतर सगळे लिमिटचे असं नको, नाहीतर मशीन तापल्याचा फरक सीग्रूपच्या नावावर जातो. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर, टर्बो बंद, न्यूमाचा नोड (सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी) बांधून. सरासरी नको, मीडियन आणि सोबत पसारा द्या. पसारा जर फरकाहून मोठा असेल तर फरक नाहीये, संपलं.

हिशोबाचा खर्च अगदीच नगण्य असतो असंही नाही हं. २०२१ मध्ये फाइल लॉकच्या छोट्याशा ऑब्जेक्टचा हिशोब मेमरी ग्रूपमध्ये धरायचा पॅच आला, दिसायला एका फ्लॅगचा बदल, आणि कर्नलच्या टेस्ट रोबोटने विल-इट-स्केलच्या लॉक टेस्टमध्ये साधारण एक तृतीयांश घसरण दाखवली, लिनस टोरवाल्ड्सने तो मागे घेतला. लॉक घ्या-सोडा घ्या-सोडा एवढंच करणारा टेस्ट होता, खऱ्या आयुष्यात असं कोण करतं हा प्रश्न रास्तच, पण तुमचा प्रोग्रॅम नेमकं तसलंच काहीतरी करणारा निघाला तर?

लिमिटला टेकल्यावर

इथं मेमरी.इव्हेंट्स वाचायची. हाय, मॅक्स, ओओएम, ओओएम_किल असे काउंटर असतात (ओओएम म्हणजे मेमरी संपणं, ओओएम_किल म्हणजे त्यापायी मारलेल्या प्रोसेस), परत तेच, दोन वाचनांतला फरक. मॅक्स वाढत असेल पण ओओएम_किल शून्य असेल तर लोक म्हणतात काही मेलं नाही ना मग ठीक आहे. ठीक नाहीये. याचा अर्थ दर वेळी लिमिटला टेकून जागा रिकामी करावी लागतेय, आणि ग्रूपसाठी पाठीमागे काम करणारा केस्वॅपडीसारखा (सगळ्या मशीनसाठी मेमरी रिकामी करणारा कर्नलचा थ्रेड) वेगळा थ्रेड नसतो, ज्या प्रोसेसने मेमरी मागितली तिलाच आधी झाडू मारावा लागतो, म्हणजे तुमच्या रिक्वेस्टच्या वेळातून. मेमरी.हाय ओलांडली तर मारत नाही, पण प्रोसेसला मुद्दाम झोपवतो, एका वेळी दोन सेकंदांपर्यंत, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नेटवर्क हँग झालं.

यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे त्याच ग्रूपमध्ये चालणारं लॉग रोटेशन किंवा बॅकअप. पेज कॅशे पण लिमिटमध्ये मोजली जाते, बॅकअपने शंभर जीबी फाइल वाचली की कॅशे फुगली, ती झाडता झाडता सर्व्हिसची गरम पानं पण बाहेर, मग ती परत डिस्कवरून वाचा. मेमरी.स्टॅट मध्ये वर्किंगसेट_रीफॉल्ट_फाइल (बाहेर टाकलेली फाइलींची पानं परत आणल्याचा आकडा) झपाट्याने वाढताना दिसलं तर हेच चाललंय. बॅकअपला वेगळ्या ग्रूपमध्ये काढा, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मेमरी.प्रेशर, सीपीयू.प्रेशर, आयओ.प्रेशर. ४.२० पासून पीएसआय (असं प्रेशर मोजायची कर्नलची सोय) आहे, टास्क किती वेळ कशासाठी ताटकळले ते टक्क्यांत थेट सांगतं. सम म्हणजे कोणीतरी अडकलं होतं, फुल म्हणजे सगळेच. मेमरीचा फुल वर जाताना दिसला आणि त्याच मिनिटाला लेटन्सीची उडी असली तर पुढे वाद घालायची गरज नाही. रेड हॅट ८ आणि ९ वर हे कंपाइल केलेलं असतं पण बंद असतं, बूट लाइनमध्ये पीएसआय=१ टाकावं लागतं, फाइल नाही म्हणून सोडून देऊ नका.

आयओबद्दल फक्त एवढंच: व्ही-वनमध्ये बफर्ड राइटवर लिमिट चालतच नाही, कारण डिस्कवर लिहिणारा कर्नलचा थ्रेड असतो आणि मूळ कोणी लिहिलं ते त्याला माहीत नसतं. लिमिट लावूनही डिस्क भरून वाहतेय असं असेल आणि व्ही-वन असेल तर मोजण्यात वेळ घालवू नका, व्ही-टूवर जा.

मेलेले ग्रूप

प्रॉब्लेम रीबूटने जातो आणि काही आठवड्यांनी परत येतो, हे ऐकलं की मी सरळ इथं येतो. मुळाशी जाऊन सीग्रूप.स्टॅट वाचा, एनआर_डाइंग_डिसेंडंट्स. व्ही-वनवर /प्रॉक/सीग्रूप्स मध्ये मेमरीच्या ओळीतला ग्रूपांचा आकडा बघा आणि प्रत्यक्ष डिरेक्टरी किती आहेत ते मोजा, आकडा हजारोंमध्ये आणि डिरेक्टरी शेकड्यात असतील तर मधला फरक म्हणजे मेलेले पण न पुरलेले.

ग्रूप डिलीट केला तरी त्याच्या नावावर एखादं पान किंवा कर्नलचं एखादं ऑब्जेक्ट शिल्लक असेपर्यंत त्याचं स्ट्रक्चर मेमरीत राहतं, आणि ते स्ट्रक्चर छोटं नसतं, प्रत्येक सीपीयूमागे त्याचे वेगळे काउंटर असतात, म्हणजे जास्त कोरचं मशीन तेवढं जास्त खातं. दर मिनिटाला क्रॉन, दर लॉगिनला सेशन, क्रॅश होऊन परत परत उठणारा कंटेनर, प्रत्येक जण एक ग्रूप मागे ठेवून जातो. मग मेमरी झाडताना कर्नल या सगळ्या ग्रूपांवरून फिरतो, जिवंत असो वा मेलेला, आणि मशीन दिवसेंदिवस सावकाश होत जातं, ग्राफवर इतकी सावकाश चढण की कोणाच्या लक्षात येत नाही. टोकाला गेलं तर जुन्या कर्नलवर ग्रूपचा आयडी १६ बिटांचा असल्याने ६५५३५ ला भिंत लागते आणि नवा कंटेनर सुरूच होत नाही, डिस्क अर्धी रिकामी असताना जागा नाही असा एरर येतो आणि माणसं डिस्क साफ करत बसतात.

३.१० कर्नलवर, म्हणजे सेंटओएस ७ वर कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) चालवणाऱ्यांनी हे पोटभर भोगलंय, तिथं कर्नल मेमरीचा हिशोब अर्धवट होता आणि चालू केला की ग्रूप गळायचेच. त्यावर बूट लाइनमध्ये सीग्रूप.मेमरी=नोकेमेम हा इलाज, कर्नल तो पर्याय ओळखत असेल तर. पुढे रोमन गुश्चिन यांच्या कामातून ५.३ मध्ये मेलेल्या ग्रूपची स्लॅब (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टांची मेमरी) आई-ग्रूपकडे वळवायला लागले आणि ५.९ मध्ये स्लॅबचा कंट्रोलरच नव्याने लिहिला गेला, तिथून कर्नल ऑब्जेक्टमुळे अडकणारे ग्रूप खूप कमी झाले. पेज कॅशेमुळे अडकणारे मात्र राहतात.

तपासायचं असं: आकडा बघा, ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा, थोडं थांबा, परत आकडा बघा. धाडकन खाली आला तर कॅशेने धरून ठेवले होते. हे फक्त निदानासाठी हं, कृपया क्रॉनमध्ये टाकू नका, कॅशे उडवली की पुढचा अर्धा तास डिस्क बोंबलते. खरा इलाज म्हणजे ग्रूप बनवणं-मोडणं कमी करणं: क्रॅश लूप थांबवा, दर मिनिटाच्या क्रॉनऐवजी एक कायमची सर्व्हिस, आणि शक्य तिथं नवा कर्नल.

याच ठिकाणी मॉनिटरिंग एजंटकडे पण एक नजर टाका. मेमरी.स्टॅट वाचणं फुकट नाहीये, वाचताना सगळ्या सीपीयूवरचे विखुरलेले आकडे खालपासून वर गोळा करावे लागतात. एजंट दर काही सेकंदांनी हजार ग्रूपांची ती फाइल वाचत असेल तर तो स्वतःच लोड आहे. एजंट दहा मिनिटं बंद करून मोजा. मॉनिटरिंग टीम नाराज होईल, होऊ द्या.

कुठला खर्च ते एका नजरेत कळायला परफ टॉप (सीपीयू कुठल्या फंक्शनमध्ये वेळ घालवतोय ते दाखवणारं टूल) लावा, तक्रार चालू असताना, नंतर नाही. ट्राय_चार्ज किंवा पेज_काउंटर नावाची फंक्शन वर दिसली तर हिशोबाचा खर्च. श्रिंक_एलआरयूव्हेक किंवा ट्राय_टू_फ्री_मेम_सीग्रूप_पेजेस असेल तर लिमिटला टेकलाय. मेम_सीग्रूप_इटर, श्रिंक_स्लॅब वर असतील तर मेलेले ग्रूप, आरस्टॅट_फ्लश असेल तर एजंट किंवा मेलेले ग्रूप किंवा दोन्ही. काहीच नाही, सीपीयू निवांत, तरी अडकतंय, तर थ्रॉटल, कारण थांबवलेला टास्क परफमध्ये दिसणार कसा.

स्टेबिलिटी दहा मिनिटांच्या टेस्टने कळत नाही. रात्रभर ग्रूप बनवा, त्यात स्ट्रेस-एनजी चालवा, मुद्दाम ओओएम होऊ द्या, मोडा, परत बनवा, आणि सकाळी तीन गोष्टी बघा: मेमरी.करंट मूळ जागी परत आली का, मेलेल्या ग्रूपांचा आकडा कुठंतरी स्थिरावला का चढतोच आहे, आणि पी-९९ ची रेघ सपाट आहे का. डी-मेसेजमध्ये १२० सेकंद अडकलेल्या टास्कचा इशारा आला असेल तर तो वेगळा विषय, आधी तो. ओओएम झाल्यावर एकच वर्कर मेला आणि बाकी सर्व्हिस अर्धमेली लटकत राहिली असं होत असेल तर मेमरी.ओओएम.ग्रूप १ करा, गेलं तर सगळं जाऊ दे आणि नीट परत उठू दे.

आणि हे सगळं करूनही काही सापडलं नाही, थ्रॉटल शून्य, प्रेशर शून्य, मेलेले ग्रूप नाहीत, आणि मशीन व्हर्च्युअल असेल, तर टॉपमध्ये एसटी चा रकाना बघा. तो वर असेल तर तुमच्या व्हीएमचे (व्हर्च्युअल मशीनचे) व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू, खालच्या होस्टवर ताटकळतायत. केव्हीएम-लिबव्हर्ट (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) असेल तर ते व्हीसीपीयू म्हणजे होस्टवरचे साधे थ्रेडच असतात, मशीन स्लाइस खालच्या एका सीग्रूपमध्ये बसलेले, आणि त्यालाही कोणीतरी कोटा लावलेला असू शकतो. होस्टवाल्यांकडे त्या ग्रूपची सीपीयू.स्टॅट मागा, एकदा आत्ताची आणि एकदा दहा मिनिटांनंतरची.